पुडी आधी उलटी करा: पाकिटावरचा बारीक मजकूर वाचायला शिकणाऱ्यांसाठी

किराणामालाच्या पाकिटाला दोन बाजू असतात आणि त्यांचं बोलणं एकमेकींशी जुळेलच असं नाही. समोर गव्हाच्या लोंब्या, दुधाची धार, गुबगुबीत पोरगं आणि ठळक अक्षरांत ‘मल्टिग्रेन’, ‘नो कोलेस्टेरॉल’, ‘एनर्जी’. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत कायद्याने लिहायला लावलेला मजकूर. कंपनीचा पैसा ओतलेला असतो समोरच्या बाजूवर, आणि आपण निवडही तिथलंच बघून करतो.

हा लेख आजवर मागची बाजू कधी वाचलीच नाही अशांसाठी आहे. नव्याने संसार मांडलेले, घरात कुणाला साखर किंवा बीपी निघाल्यामुळे अचानक जागे झालेले, पोरांच्या डब्यात काय घालावं या विचारात पडलेले, सगळेच त्यात आले.

आपल्या बेळगाव भागात एक जादा अडचण आहे. अन्नपदार्थाच्या लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावा लागतो. इतर भाषा वर घालायची मोकळीक आहे, सक्ती नाही. म्हणून खानापूर, येळ्ळूर, कडोली, निपाणीकडच्या दुकानांत जी पाकिटं येतात त्यांवर इंग्रजी असतंच, काहींवर कन्नड असतं, मराठी मात्र क्वचित. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या आईला किंवा आजीला हे वाचता येत नाही आणि तिनेच तर घरचं सामान भरायचं असतं. यावर सोपा तोडगा म्हणजे घरातल्या शाळकरी पोराला हे काम लावून द्या. त्याचं इंग्रजी वाचन होतं, आजीला हिशेब कळतो. लागणारे शब्द जेमतेम डझनभर आहेत, ते पुढे येतीलच.

पहिला धडा घरातल्या फडताळासमोर

दुकानात शिकायला जाऊ नका. गणपत गल्लीत संध्याकाळच्या गर्दीत, मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, बारीक अक्षरं वाचत उभं राहणं जमत नाही आणि दुकानदारही वैतागतो. घरी जे आहे ते आधी टेबलावर काढा: बिस्किटं, शेव-चिवडा, नूडल्स, दुधात घालायची पावडर, सॉस, लोणचं, टोस्ट, तेलाची पिशवी. उजेडात बसा. अक्षर दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

गल्लीतल्या दुकानात माल काउंटरच्या पलीकडे असतो. आपण नाव घेतो, दुकानदार पुडी काढून ठेवतो आणि ती थेट पिशवीत जाते. म्हणजे निवड होते ती जाहिरातीत ऐकलेल्या नावावर. मॉलमध्ये निदान पाकीट हातात घेऊन उलटं करता येतं. म्हणून नेहमी लागणाऱ्या वस्तूंचा निवाडा घरीच करून ठेवायचा आणि दुकानात ठरलेलं नाव मागायचं.

पाच-दहा रुपयांच्या छोट्या पुड्यांवर तक्ता सापडला नाही तर गोंधळू नका. ज्या पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्यावर घटकांची यादी आणि पोषणतक्ता न छापायची सूट आहे. तो मजकूर मोठ्या खोक्यावर असतो. शाळेच्या कोपऱ्यावर पोरं नेमक्या याच पुड्या घेतात, हे मला खटकतं. त्याच वस्तूचं मोठं पाकीट एकदा वाचून ठेवलं की काम भागतं.

घटकांची यादी: आधी पहिली तीन नावं

‘इन्ग्रेडियंट्स’ असं लिहिलेला परिच्छेद शोधा. त्यातला क्रम कंपनीच्या मर्जीचा नसतो. जे वजनाने सगळ्यांत जास्त ते पहिलं आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचं, असा नियम आहे. म्हणून पहिली तीन नावं वाचली की पदार्थाचं निम्मं चरित्र कळतं. ‘बदाम कुकीज’च्या यादीत मैदा, साखर, पामतेल आधी आणि बदाम शेवटाकडे असेल, तर तुम्ही मैद्याची बिस्किटं बदामाच्या भावात घेताय.

नियमातला आणखी एक भाग कामाचा आहे. पाकिटावर एखाद्या घटकाचं नाव किंवा चित्र मिरवलं असेल, तर त्याचं प्रमाण टक्क्यांत यादीत द्यावं लागतं. समोर नाचणी, मागे नाचणीपुढे लहानशा आकड्यात टक्के. तो आकडा शोधायची सवय पोरांना फार लवकर लागते, त्यांना चोर पकडल्याचा आनंद मिळतो.

आता दुकानात रोज होणारं बोलणं घ्या.

“मैदा हाय काय ओ ह्यात?”

“छे, गव्हाचं हाय बघा की वैनी, समोरच लिवलंय.”

दुकानदार खोटं बोलत नाही. समोर ‘व्हीट’ लिहिलेलं असतं, मैदाही गव्हाचाच असतो. मागे मात्र ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ दिसलं की तो मैदा. ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ दिसलं तरच कोंड्यासकट कणीक. कित्येक ब्राउन ब्रेडमध्ये दोन्ही असतात, तेव्हा कुठलं आधी आणि किती टक्के ते बघा. तपकिरी रंग कॅरमलने, म्हणजे तापवून काळपट केलेल्या साखरेनेही येतो. यादीत १५० हा आकडा आणि पुढे एखादं इंग्रजी अक्षर दिसलं तर तो कॅरमल रंग.

साखर बऱ्याच वेषांत येते. ‘शुगर’ हे एक नाव झालं. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप, मध, गूळ ही तिचीच भावंडं. साखर चार नावांनी विभागली की प्रत्येकीचं वजन कमी पडतं आणि एकही पहिल्या क्रमांकावर येत नाही. अशी दोन-तीन नावं एका यादीत दिसली तर मनात त्यांची बेरीज करा. माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली पावडर चवीला फारशी गोड नसते, पण रक्तातली साखर भरभर वाढवते, हे मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावं.

गुळाबद्दल आपल्याकडे बोलायची सोय नाही. ऊस आपल्या शिवारातला, साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, गुऱ्हाळाचा गूळ म्हणजे औषधच अशी समजूत. गुळात थोडीफार खनिजं असतात हे खरं, तरी तो बहुतांश साखरच आहे. ‘साखर नाही, फक्त गूळ’ असं लिहिलेल्या लाडवाचं पाकीट मधुमेही माणसाला भेट द्यायच्या आधी तक्त्यातली ‘टोटल शुगर्स’ ओळ बघा.

तेलाच्या बाबतीत ‘एडिबल व्हेजिटेबल ऑइल’ या शब्दांशी थांबू नका, पुढे कुठलं तेल ते लिहिलेलं असतं. ‘पामोलिन’ किंवा ‘पाम’ असेल तर त्यातली चाळीस ते पन्नास टक्के चरबी सॅच्युरेटेड, म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारी असते, सूर्यफुलाच्या तेलात ती दहा-बारा टक्के. फरसाण, बिस्किटं, नूडल्स यांत पामतेल का वापरतात, तर ते स्वस्त पडतं आणि लवकर खवट होत नाही.

यादीच्या शेवटी आकडे असतात. त्यांना घाबरून पाकीट फेकून देणारेही मी पाहिलेत, तसं करू नका. रंग, चव, टिकाऊपणा यांसाठी घालायच्या पदार्थांचे, म्हणजे मिश्रकांचे, हे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत. ५०० म्हणजे खायचा सोडा, ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ३२२ म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारं लेसिथिन, ६२१ म्हणजे अजिनोमोटो नावाने ओळखलं जाणारं मीठ. शाकाहारी घरांनी १२० हा क्रमांक ओळखून ठेवावा, तो लाल रंग किड्यापासून काढतात. बाकी आकड्यांची संख्याच फार वाढली, तर पदार्थ स्वयंपाकघरापासून लांबचा आहे एवढं समजायचं.

तक्ता: फक्त १०० ग्रॅमचा रकाना

आता मुख्य भाग, यावर वेळ द्या.

‘न्यूट्रिशनल इन्फर्मेशन’ या चौकटीत एनर्जी, प्रोटीन, कार्बोहायड्रेट, टोटल शुगर्स, अॅडेड शुगर्स, टोटल फॅट, सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम (मिठातला घटक) या ओळी असतात. सोबत १०० ग्रॅममागे किंवा १०० मिलिलिटरमागे किती, असा एक रकाना असतो. कुठेतरी ‘सर्व्ह साइझ’ लिहिलेला असतो आणि त्या एका वाढणीमागे दिवसाच्या गरजेच्या किती टक्के, तेही दिलेलं असतं.

दोन वस्तूंची तुलना करायची तर १०० ग्रॅमचाच रकाना धरा. वाढणीचा आकार कंपनी ठरवते, आणि तिची वाढणी ही बहुधा पाखराला पुरेल एवढी असते. एका कंपनीने २० ग्रॅम धरले, दुसरीने ३०, तर आकडे शेजारी ठेवून काही उपयोग नाही.

शेवेचं एक पाकीट घेऊ. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण अशा मालात ते साधारण याच घरात असतात. पाकीट १५० ग्रॅमचं. १०० ग्रॅममागे ५४० किलोकॅलरी, टोटल फॅट ३७ ग्रॅम, सॅच्युरेटेड १२ ग्रॅम, सोडियम ८०० मिलिग्रॅम. वाढणी ३० ग्रॅम, आणि सोडियमपुढे लिहिलंय १२ टक्के. बारा टक्के वाचून वाटतं, चालतंय की. पण संध्याकाळी पाऊस पडतोय, चहा झालाय, पाकीट फोडून ताटलीत ओतलंय, तेव्हा ३० ग्रॅमवर कोण थांबतं? अख्खं पाकीट एका माणसाने संपवलं तर ८१० किलोकॅलरी, ५५ ग्रॅमच्या वर चरबी, १८ ग्रॅम सॅच्युरेटेड आणि १,२०० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमची दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम, म्हणजे साठ टक्के चहासोबतच उरकले. रात्रीचं जेवण, त्यातलं लोणचं, पापड अजून बाकी.

टक्के कशावरून काढतात हेही माहीत हवं. भारतीय नियमांत दिवसाला २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण चरबी, २२ ग्रॅम सॅच्युरेटेड, २ ग्रॅम ट्रान्स, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम हे आकडे धरलेले आहेत. हे मोठ्या माणसाचे आकडे. सहा वर्षांच्या पोराला ते लागू नाहीत, आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेल्या आजोबांनाही नाहीत. साखरेचे ५० ग्रॅम ही तर वरची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो निम्म्यावर, २५ ग्रॅमच्या आसपास राहायला सांगते. म्हणून साखरेपुढची टक्केवारी दुप्पट करून वाचायची सवय लावा, ती जास्त प्रामाणिक वाटेल.

तोंडी हिशेबाला दोन गोष्टी पुरतात. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ, म्हणजे २,००० मिलिग्रॅम सोडियम बरोबर पाच ग्रॅम मीठ, सपाट एक छोटा चमचा. आणि पाच ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक छोटा चमचा. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर १०० मिलिलिटरमागे दहा-अकरा ग्रॅम साखर असते. २५० मिलिलिटरची छोटी बाटली संपवली की पाच चमचे. चहात कुणी पाच चमचे घातले तर आपण त्याला वेड्यात काढू.

सगळ्या ओळी रोज वाचायची गरज नाही. घरात बीपी असेल तर सोडियम, साखर असेल तर एकूण कार्बोहायड्रेट आणि अॅडेड शुगर्स, हृदयाचं दुखणं असेल तर सॅच्युरेटेड फॅट. कोलेस्टेरॉलच्या ओळीत शाकाहारी मालाला शोधण्यासारखं फारसं नसतं. ट्रान्स फॅटचा, म्हणजे वनस्पती तुपात असायच्या त्या हृदयाला घातक चरबीचा, धाक पूर्वी मोठा होता. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात आणि त्यांपासून केलेल्या पदार्थांतल्या चरबीत औद्योगिक ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर नसावं असा नियम आहे, म्हणून पाकीटबंद मालात आता तिथे बहुधा शून्याजवळचा आकडा दिसतो. त्याने हुरळून सॅच्युरेटेडची ओळ सोडू नका, वनस्पती तुपाची जागा कितीतरी ठिकाणी पामतेलाने घेतली आहे.

आता पाकीट सुलटं करा

मागचं वाचून झाल्यावर समोरचं वाचायला मजा येते. समोरचे बरेचसे दावे खोटे नसतात, ते अर्धे असतात.

‘शुगर फ्री’ लिहायला १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. चांगला नियम आहे. पण शुगर फ्री बिस्किटात मैदा आणि चरबी तशीच असते आणि मैद्याची शेवटी रक्तात साखरच होते. ‘लो फॅट’ म्हणजे घन पदार्थात १०० ग्रॅममागे तीन ग्रॅमच्या आत, ‘हाय फायबर’ म्हणजे सहा ग्रॅमच्या वर. दावा असेल तर आकडा तक्त्यात असलाच पाहिजे, जुळवून बघा. ‘नो अॅडेड शुगर’ लिहिलेल्या खजुराच्या बर्फीत वरून साखर घातलेली नसते, खजुराची मात्र भरपूर असते.

‘कोलेस्टेरॉल नाही’ असं तेलाच्या पिशवीवर वाचून जादा पैसे मोजणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं. शेंगतेलात नाही, करडईत नाही, पामतेलातही नाही.

‘नॅचरल’, ‘प्युअर’, ‘ट्रॅडिशनल’, ‘रिअल’ हे शब्द ब्रँडच्या नावातच बसवलेले असतील, तर कंपनीला खाली लिहावं लागतं की हे केवळ ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप सांगत नाही. ही ओळ शोधा, सापडते. जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, फळांच्या रसांवरचा ‘१०० टक्के फ्रूट ज्यूस’ हा दावा काढायला लावला, कारण तो रस पुष्कळदा पाणी आणि आटवलेला रस मिसळून परत तयार केलेला असतो. त्याआधी एप्रिलमध्ये ऑनलाइन दुकानांना सांगितलं गेलं की दुधात घालायच्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका, कायद्यात अशी व्याख्याच नाही. आपल्याकडे पोर शाळेत जायला लागलं की अशी बाटली घरात येतेच, शेजारणीने आणली म्हणूनही येते. त्या बाटलीवरची साखरेची ओळ एकदा वाचा आणि मग ती ठेवायची का ते ठरवा.

दूध, गोडधोड आणि सुटा माल

दुधाची पिशवी आपण रंगावरून ओळखतो, निळी, हिरवी, केशरी. नंदिनी असो की सीमेपलीकडून आलेला दुसरा संघ, रंगाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. शब्द वाचा. ‘टोन्ड’ म्हणजे तीन टक्के फॅट, ‘डबल टोन्ड’ दीड टक्का, ‘स्टँडर्डाइज्ड’ साडेचार, ‘फुल क्रीम’ सहा. वाढत्या वयाच्या पोराला आणि वजन उतरवायला सांगितलेल्या बापाला एकच पिशवी पुरवायची का, हा विचार तिथून सुरू होतो. चहा कुठल्याने चांगला होतो त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट पाहुण्यांना बांधून देताना आता खोक्यावर तक्ता असतो. वाचा, पण कुंदा हा खवा आणि साखर आहे हे कळायला तक्ता लागत नाही, आणि करदंटात सुकामेवा नि डिंक असला तरी त्याला धरून ठेवणारा गूळच असतो. सणासुदीचं गोड सणासुदीला खावं, त्याच्या कॅलऱ्या मोजत बसणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. माझा राग आहे तो रोज सकाळी चहासोबत न मोजता जाणाऱ्या चार क्रीम बिस्किटांवर.

सुटी मिठाई घेताना मात्र ट्रेवर किंवा पाटीवर ‘बेस्ट बिफोर’ तारीख लिहिलेली असावी लागते, १ ऑक्टोबर २०२० पासून तसा नियम आहे. खव्याच्या पदार्थाला ती तारीख दिसली नाही तर विचारा. बेकरीतले सुटे टोस्ट-खारी, गाड्यावरची भजी, बाजारातला सुटा चिवडा यांना तक्ता नसतो, तिथे आपलं आपल्याला ठरवायचं. मीठ, मसाले, चहा, पाणी अशा काही पाकीटबंद वस्तूंनाही पोषणतक्त्याची सक्ती नाही, तेव्हा मसाल्याच्या पुडीवर शोधाशोध करू नका.

उरलेल्या खुणा, भरभर

हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, अंडंही त्यात आलं, म्हणून केक घेताना बघा. जुन्या तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण २०२० च्या नियमांनी आणला, रंगांधळ्या माणसालाही फरक कळतो. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही तारीख ओलांडली की खायचं नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही चव-दर्जाची तारीख. शेंगदाणे, दूध, गहू, सोया वगैरेंची अॅलर्जी असणाऱ्यांसाठी ‘कन्टेन्स’ अशी वेगळी ओळ असते. एफएसएसएआयचा क्रमांक चौदा आकडी असतो, नसेल तर पाकीट खाली ठेवा. एमआरपीशेजारी ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पैसे पडतात ते छापलेलं असतं. ‘२० टक्के जादा’चा खरा हिशेब तिथे लागतो.

एवढं वाचून खरंच फरक पडतो का?

पडतो, पण आपल्याला वाटतो तिथेच पडतो असं नाही. २०१९ मध्ये साठ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. लेबलमुळे लोकांच्या खाण्यातली ऊर्जा साधारण सहा-सात टक्क्यांनी आणि चरबी दहा टक्क्यांनी कमी झालेली दिसली. याहून मोठा बदल कंपन्यांनी केला: आकडा चारचौघांत छापायचा म्हटल्यावर मालातलं ट्रान्स फॅट सुमारे ६४ टक्क्यांनी आणि सोडियम नऊ टक्क्यांच्या आसपास खाली आलं. वाचणारे थोडे असले तरी कारखान्यात पाककृती बदलते, ती अशी.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय, याला चिलीने २०१६ मध्ये उत्तर दिलं. साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटाच्या समोरच काळा अष्टकोन, त्यात मोजके शब्द. जोडीला पोरांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळेतल्या विक्रीवर बंधनं. पुढे तिथल्या घरांतली गोड पेयांची खरेदी जवळपास चौथ्या हिश्श्याने घटल्याचं दिसलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याचा मसुदा आला. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅटचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापायचा प्रस्ताव आला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही समोरच्या बाजूवरील इशाऱ्याच्या प्रश्नात लक्ष घातलं. ताऱ्यांवर माझा विश्वास नाही. थोडं प्रोटीन, थोडं फायबर घालून साखरेच्या मालाला तीन तारे मिळाले तर आजी म्हणेल, तीन तारे म्हणजे चांगलंच की. इंग्रजी, हिंदी, कन्नड यांतलं काहीच न वाचणाऱ्या आपल्या सीमाभागातल्या बाईला काळी खूण एका नजरेत कळेल.

लेबल तुम्हालाच लिहायचं असेल तर

बचत गटातून चटणी, लोणचं, पापड विकणाऱ्या बायकाही हे वाचत असतील. छोट्या धंद्यालाही नोंदणी लागते आणि तिचाही क्रमांक चौदा आकडी असतो. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत टाकाच, पण घटकांची यादी आणि तारीख मराठीत नि कन्नडमध्येही छापा. नियम आड येत नाही. कागल-निपाणीपासून बैलहोंगलपर्यंत माल विकायचा तर दोन्ही भाषांतलं गिऱ्हाईक वाचू शकेल. ‘घरगुती’, ‘शंभर टक्के शुद्ध’, ‘औषधी’ असले शब्द टाकायचा मोह आवरा, दावा केला की तो सिद्ध करायची जबाबदारी येते.

खोट आढळली तर

तारीख खोडलेली, लेबलावर लेबल चिकटवलेलं, क्रमांक नाही, आत वेगळंच काही, असं दिसलं तर पाकीट फेकू नका आणि उरलेला माल त्यातच ठेवा. बिल, बॅच नंबर, तारीख आणि परवाना क्रमांक स्पष्ट दिसतील असे फोटो काढा. आधी दुकानदाराला दाखवा, बरेचदा तो स्वतःच बदलून देतो, त्याचा काही दोषही नसतो. पुढे जायचं तर ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या अॅपवर किंवा १८००-११-२१०० या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पैशाच्या फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि तिथेही नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. बेळगावात लेखी अर्ज द्यायचा असेल तर तो कन्नड किंवा इंग्रजीत लिहून न्या, खेटे वाचतात. तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो पाकिटावरच पेनाने लिहून ठेवा आणि निकाल लागेपर्यंत ते पाकीट कचऱ्यात जाऊ देऊ नका.